सोळा बटणांची पेटी

१२ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार केला असं समज. पाठ धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात फक्त मान हलवली.

डॉक्टर काय म्हणाले ते तू फोनवर सांगितलंस, तेव्हा तुझे शब्द एकमेकांत अडकत होते. सुरुवात जिभेपासून झाली आहे, पुढे हातपाय, पण किती दिवसांत ते कुणीच सांगू शकत नाही, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. आणि मग 'आता फोन नको, पत्रं लिही' म्हणून तू फोन ठेवलास. तुझा हुकूम पाळतोय.

दोन महिने मी गप्प होतो, पण स्वस्थ नव्हतो. आमच्या कारखान्यात लिफ्टची बटणं बनतात हे तुला ठाऊकच आहे. आता नव्या लिफ्टमध्ये बाईचा आवाजही असतो, 'दुसरा मजला, दार उघडत आहे' असं सांगणारा. एका सोळा मजली इमारतीचं काम मध्येच बारगळलं आणि तिच्यासाठी केलेली पॅनेलं आमच्या फळीवर धूळ खात पडली आहेत. परवा ती पुसताना डोक्यात आलं, ही बाई 'दुसरा मजला' म्हणू शकते तर 'पाणी दे' का नाही म्हणणार?

म्हणून पेटी करतोय. मांडीवर ठेवायची. एक बटण दाबलं की एक वाक्य, अशी सोळा. इथल्या रुग्णालयात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे तुझ्यासारखे बरेच जण येतात. पहिली पेटी तुझी. ती जमली की त्यांच्यासाठी करायची.

माझा भागीदार, ज्याला तू 'लगाम' म्हणतेस, त्याने लगेच एक वही घातली. डाव्या पानावर 'पहिली पेटी', उजव्या पानावर 'पुढच्या वेळी'. मला सुचतं ते सगळं तो उजव्या पानावर ढकलतो. तू मला फक्त सोळा वाक्यं कळव. नाही म्हणू नकोस.

तुझा
खटपट्या


२१ जानेवारी

खटपट्या,

तुझं पत्र वाचायला दीड दिवस लागला. आख्ख्या शाळेला वळणदार अक्षर शिकवलं, घरचाच तेवढा राहून गेला. तुझ्यापुढे मी तेव्हाही हात टेकले होते.

सोळा वाक्यं! एवढ्यात भागतं हे आधी कळलं असतं तर वर्गात तीस वर्षं घसा फोडला नसता. मी आणि चिमणी काल दुपारभर बसलो. पाणी दे. कूस बदल. पाठ दुखतेय. उशी वर कर. पंखा कमी कर. नको. पुरे. इथवर सोपं गेलं. मग चिमणी म्हणाली, 'आई, तू दिवसभरात मला सगळ्यात जास्त काय म्हणतेस?' विचार केला तर 'तो टॉवेल वाळत घाल.' ते घातलं. मग 'उगाच रडू नकोस' घातलं, ते तिच्यासाठी. एकूण एकोणीस झाली. तीन तू काप, पण टॉवेलला हात लावायचा नाही.

आता आवाजाचं. तुझ्या त्या लिफ्टवालीच्या तोंडून मी माझ्या लेकीवर रागवायचं? ती मला चुकून वरच्या मजल्यावर पाठवून द्यायची. माझ्या आवाजात अजून थोडी धुगधुगी आहे, शब्द सावकाश काढले तर कळतात. तो भरून घे. कुणाला तरी यंत्र देऊन पाठव, नाहीतर तूच ये. तुला इथे येऊन दोन वर्षं होतील.

आणि बटणं कशी आहेत? लिफ्टमध्ये मला नेहमी अंगठा लावावा लागायचा.

ताई


८ फेब्रुवारी

ताई,

काल लगामाची आणि माझी चांगलीच जुंपली. मला पेटी चाकाच्या खुर्चीला अडकवता यायला हवी होती, वाक्यं बदलता यायला हवी होती, अंधारात बटणं उजळायला हवी होती. तो म्हणाला, 'अशाने पहिली पेटी तिसऱ्या वर्षी निघेल.' वहीच्या मधोमध रेघ मारून त्याने पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, 'आता तूच काप.' मी कापलं. जीव तुटत होता, पण बरोबर तोच होता.

तुझा आवाज उजव्या पानावर गेला. रागावू नकोस. यंत्र घेऊन कुणी तिकडे यायचं, मग भरलेला आवाज साफ करायचा, यात महिना जातो, आणि लिफ्टवाली बाई इथल्या इथे वाक्यं म्हणून द्यायला तयार आहे. पुढच्या पेटीत तूच बोलशील.

लगामाची आणखी एक टूम होती. मऊ, मध्यम, घट्ट अशा तीन स्प्रिंगा तुला पाठवायच्या, कोणती जमते ते विचारायचं, मगच बटणं बसवायची. त्याला मी नाही म्हटलं. तुझं पत्र उलटं करून त्याच्या समोर धरलं आणि म्हटलं, बोट फिरवून बघ. अक्षरं मागून हाताला लागतात. एवढं दाबून लिहिणारा हात बटणाला भीक घालणार आहे का? अजून मला रट्टा दिलास तर वळ उठेल. माझ्या बहिणीचा हात मी ओळखतो म्हटलं आणि तेही उजव्या पानावर लिहून टाकलं.

तुझं अक्षर बघून मला फार धीर आला, खरं सांगतो. आपल्याकडे वेळ आहे.

खटपट्या


२७ फेब्रुवारी

खटपट्या,

ठीक आहे. लिफ्टवाली तर लिफ्टवाली.

यादीत एक बदल आहे आणि तो कापायचा नाही. पहिल्या बटणावर हे वाक्य घाल: 'तू बोल, मी ऐकतेय.'

का ते सांगते. परवा समोरच्या वहिनी आल्या होत्या. मी त्यांच्या समोर, उशीला टेकून, डोळे उघडे ठेवून बसलेली. त्या चिमणीला विचारतात, 'त्यांना कळतं का गं?' मग दोघी माझ्या डोक्यावरून बोलत राहिल्या. माझी नणंद आली, ती माझ्या कानाशी येऊन ओरडून बोलते. डॉक्टरसुद्धा आता माझ्याकडे बघून चिमणीशी बोलतात. माझं बोलणं थांबत चाललंय म्हणून लोक माझ्याशी बोलायचं थांबवतायत. पाणी काय, चेहऱ्यावरून कळतं. पण माणूस समोर येऊन गप्प बसला की मी काय करू? मला त्याचाच त्रास जास्त होतो, दुखण्यापेक्षा.

तुझं काम नीट कर, घाई करू नकोस. जेवणखाण सोडून त्या पेटीत डोकं घालून बसू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

ताई


१९ एप्रिल

ताई,

उशीर झाला, कबूल. मार्चमध्ये एका मोठ्या लिफ्टचं काम आलं, ते टाळता येईना. मध्ये तुझं पत्रही आलं नाही, म्हटलं रुसली असशील.

पण पेटी झाली! कालच पार्सल केली, दहा-बारा दिवसांत पोचेल. लगामाने ती टेबलावरून तीनदा खाली पाडून बघितली, काही झालं नाही. बटणं अस्सल आहेत, इमारत पडेल पण ती टिकतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुझं ते पहिलं वाक्य उजव्या पानावर ठेवावं लागलं. वाचा-उपचारवाल्या बाई म्हणाल्या, श्वास लागतोय, घाम येतोय, डॉक्टरांना बोलवा, ही तीन हवीतच. मग काहीतरी काढणं आलं. टॉवेलला तू हात लावू दिला नाहीस. 'तू बोल, मी ऐकतेय' हे बटणाने सांगायची काय गरज, असं मला वाटलं. तू ऐकतेस ते दिसतंच की. पुढच्या पेटीत पहिल्या जागी घालू, शब्द देतो.

पेटी आली की लगेच कळव. लगाम माझ्यापेक्षा जास्त वाट बघतोय, फक्त दाखवत नाही.

खटपट्या


३ मे

मामा,

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्हाला आईचं पत्र आलं असं वाटलं असेल. हे माझं अक्षर आहे. जानेवारीपासूनची सगळी पत्रं मीच लिहिली. ती सांगायची, मी लिहायचे. अक्षर तिनेच माझ्याकडून गिरवून घेतलेलं, त्यामुळे तुम्हाला कळायचं कारण नव्हतं.

तिचे हात आधी गेले, मामा. गेल्या ऑक्टोबरातच. तिने तुम्हाला फक्त जिभेचं सांगितलं, कारण फोनवर तेवढंच लपवता येत नव्हतं. मी किती वेळा म्हटलं, खरं सांगून टाकू. ती म्हणायची, 'त्याला धीर नाही. हातात काम असलं की त्याला धीर येतो. करू दे.' फेब्रुवारीच्या पत्रात मी 'लवकर करा' असं लिहिलं होतं. तिने कागद फाडायला लावला आणि 'घाई करू नकोस' लिहून घेतलं. अक्षर मागून हाताला लागतं हे तुम्ही लिहिलंत, ते मी वाचून दाखवलं तेव्हा ती खूप हसली. नंतर बराच वेळ खिडकीकडे बघत होती.

मार्चच्या मध्यावर तिचा आवाज पूर्ण गेला. फेब्रुवारीत कुणी यंत्र घेऊन आलं असतं तर भरता आला असता. तुम्हाला लागावं म्हणून हे लिहीत नाही. नाही, थोडं लागावं म्हणूनच लिहितेय.

पेटी बुधवारी आली. आईला टेकवून बसवलं, पेटी मांडीवर ठेवली. तिने एकेक बटण बघून घेतलं, वर्गात शिरल्यावर बाकांवरून नजर फिरवायची तशी. मी तिचा हात उचलून 'पाणी'वर ठेवला. काही झालं नाही. मला वाटलं वायर सुटली. मी दाबलं तर बाई बोलल्या. पण दाबताना माझं नख पांढरं झालं, मामा. आम्ही हाताचा पंजा लावून बघितला, कोपर लावून बघितलं, शेवटी तिने डोळ्यांनी खूण केली म्हणून पेटी तिच्या हनुवटीखाली धरली. हनुवटीला लाल वण उठला. मग तिने डोळे मिटून घेतले, म्हणजे पुरे.

रस्ता एका दिवसाचा आहे. तुम्ही एकदा यायला हवं होतं.

चिमणी


८ मे

चिमणे,

तुझं पत्र तीनदा वाचलं, मग लगामाला दिलं. त्याने वाचलं, आणि वहीचं उजवं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. पहिल्या ओळीत ताईचा आवाज. दुसऱ्या ओळीत स्प्रिंगा पाठवून विचारणे. सगळ्यात खाली तिचं ते वाक्य. सगळं माझ्याच हस्ताक्षरात. पेन त्याने माझ्याच हातात दिलं होतं.

लिफ्टचं बटण मुद्दाम घट्ट ठेवतात. गर्दीत कुणाची पाठ लागून लिफ्ट भलत्याच मजल्यावर जाऊ नये म्हणून. वीस वर्षं मी ते घट्टच करत आलो. पेटीची बटणं बसवताना हाताने आपोआप तेच केलं आणि डोक्याने विचारलं नाही.

मी का आलो नाही? मला भीती वाटते. जिने मला शर्टाची बटणं लावायला शिकवलं, तिला कुणीतरी घास भरवतंय हे मला बघवणार नाही, असं वाटतं. हे लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. म्हणून पेटी करत बसलो. पेटी करत असलो की मी तिच्यासाठी काहीतरी करतोय असं म्हणता येतं.

आता एकच विचारतो आणि या वेळी तिचं ऐकून खोटं लिहू नकोस. तिचं काय काय हलतं?

मामा


१४ मे

मामा,

डोळे हलतात, पापण्या मिटतात. आणि उजव्या पायाचा अंगठा. बाकी काही नाही. अंगठा आणखी किती दिवस हलेल ते डॉक्टर सांगत नाहीत.

म्हणजे एकच बटण. मी आईला तसं सांगितलं आणि विचारलं, एकच वाक्य ठेवायचं तर कोणतं? 'हो' असेल तर ती एकदा डोळे मिटते. मी सोळाही वाक्यं एकामागून एक वाचली. पाणी, नाही. कूस, नाही. दुखतंय, नाही. टॉवेललासुद्धा नाही म्हणाली, तेव्हा मला रडू आलं. 'उगाच रडू नकोस' तर तिथेच होतं, पण त्यालाही नाही. मग मी तुमचं एप्रिलचं पत्र काढलं आणि त्यातलं तुम्ही कापलेलं वाक्य वाचलं. तिने डोळे मिटले, आणि किती तरी वेळ उघडलेच नाहीत.

आवाज माझा घाला. फोनवर आमच्या दोघींत सगळे फसायचे, तुम्हीही फसायचात. मी भरून पाठवला आहे.

आणि पेटी पार्सलने पाठवू नका. स्वतः घेऊन या.

चिमणी


१० जून

चिमणे,

घरी सुखरूप पोचलो. गाडीत बसायला जागा मिळाली.

ताईकडे बघवणार नाही असं वाटत होतं, पण बघवलं. बारीक झाली आहे, नजर मात्र तीच, मी शाईचा डाग पाडून आलो की असायची ती. तू तिची औषधं आणायला गेली होतीस तेव्हा मी पेटी तिच्या पायाशी बसवली. अंगठा टेकवला आणि पहिल्याच दाबाला तुझा आवाज आला, 'तू बोल, मी ऐकतेय.' मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पाच स्प्रिंगा बदलल्यावर ही सापडली, ती कुठून आणली, कशी कापली, सगळं तिला सांगितलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून नुसता बसलो.

तेव्हा एक दोष लक्षात आला. एकदा दाबलेलं बटण मध्ये मध्ये आपोआप वाजत होतं. मी गप्प झालो की जरा वेळाने वाजायचं, पुन्हा गप्प झालो की पुन्हा. मी मोजलं, अकरा वेळा झालं. स्प्रिंग फारच मऊ पडली असणार, पायाच्या नुसत्या भाराने लागत होती. तिला त्या कटकटीचा त्रास नको, म्हणून पेटी मांडीवर घेऊन उघडली आणि मागचा स्क्रू अर्धा फेरा घट्ट केला. मग दहा मिनिटं बसून बघितलं, एकदाही वाजलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पंख्याचा वारा लागत असावा. पंखा मी कमी केला.

लगामाने वहीत लिहून घेतलं आहे. पुढच्या पेटीत हा दोष राहणार नाही. वाचा-उपचारवाल्या बाईंनी एका बटणाच्या चार पेट्या मागितल्या आहेत. ताईला सांग.

मामा


१५ जून

मामा,

तुमचं पत्र आज दुपारी आलं.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून पेटी गप्प होती. मी अंगठा टेकवायचे, ती माझ्याकडे बघत राहायची. चार दिवस वाट बघून मी डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, अंगठाही गेला असेल, हे व्हायचंच होतं. मी तसं मान्य करून टाकलं होतं. पेटी पुसून कपाटावर ठेवून दिली होती.

आज तुमचं पत्र वाचलं आणि पेटी खाली काढली. मागचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. आईच्या पायाशी ठेवली, अंगठा टेकवला. माझं बोट अजून पेटीवरच होतं, तेवढ्यात माझाच आवाज मला म्हणाला, 'तू बोल, मी ऐकतेय.'

मग मी बोलले. नळ गळतोय इथपासून सुरुवात केली. मी गप्प झाले की ती पुन्हा दाबायची. मी तिला नळाचं सांगितलं, समोरच्या वहिनींशी झालेल्या माझ्या भांडणाचं सांगितलं, ती गेल्यावर या घरात एकटी राहायची मला भीती वाटते तेही सांगितलं. हे मी तिला आजपर्यंत कधीच बोलले नव्हते. अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो होतो.

शेवटी मी तिला विचारलं, 'मामा आले होते तेव्हा बटण आपोआप वाजत होतं का?' तिने डोळे उघडेच ठेवले. मी विचारलं, 'तू दाबत होतीस?' तिने डोळे मिटले.

बटणात दोष नव्हता, मामा. ती तुम्हाला बोल म्हणत होती. अकरा वेळा म्हणाली.

डॉक्टर म्हणतात महिना निघेल, कदाचित नाहीही. तुम्ही मला लिहिलंत ना, भीती वाटते म्हणून, शर्टाच्या बटणांचं, भरवण्याचं? ते येऊन तिला सांगा. आणि येताना स्क्रू ड्रायव्हर आणू नका.

चिमणी